रोमचं पाणी

आई,

फादर खोटं बोलले नव्हते. रोममध्ये पाणी खरोखरच रस्त्याच्या कडेला पडत असतं, दिवसभर आणि रात्रभर, आणि ते कोणीही बंद करत नाही. एवढंच तुला सांगायचं होतं, पण एवढंच लिहून थांबलो तर ते कसं तरीच दिसेल. आज दुपारी घरात कोणी नाही. बाबा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले आहेत. धाकटी घागरी घेऊन टँकरच्या वाटेवर बसली आहे, तिच्यापुढे अर्ध्या गावाच्या घागरी आहेत. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

तो रविवार मला नीट आठवतो. मिस्सा संपली होती आणि फादरांनी मिशनच्या व्हरांड्यात बाकावर रोमची चित्रं मांडली होती. रजेवर ते त्यांच्या देशी गेले होते, येताना रोम पाहून आले होते. मास्तर विचारतात, मोठ्या ख्रिस्तमंदिराचा घुमट केवढा. मास्तरीणबाई विचारतात, पोपसाहेब जेवायला काय घेतात. तू मागे खांबाला टेकून उभी आहेस, कमरेवर रिकामी घागर, कारण मिस्सा झाली की बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातले रांजण भरायचं तुझं काम सुरू व्हायचं. मी तुझ्या पदराशी. आणि सगळ्यांचं विचारून झाल्यावर तू मागूनच विचारतेस, "फादर, तितं पानी कसं हाय?"

सगळे हसले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, फादर एवढं रोम दाखवतायत आणि हिला पाण्याचंच पडलंय! रोमात तरी घागर खाली ठेव की जरा." तूही हसलीस, पण घागर खाली ठेवली नाहीस. फादर मात्र हसले नाहीत. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि सांगितलं, की तिथे रस्त्यांवर लोखंडी खांब आहेत, त्यांतून पाणी पडत असतं, रात्रंदिवस, कोणीही यावं आणि प्यावं.

"आन् बंद कोन करतं?"

"कोणी नाही, बाई."

रांजण भरून झाल्यावर आपण घरी निघालो. ओढ्याच्या उताराला म्हणालीस, "फादर लबाड बोलायचे न्हाईत. पन हे काय माज्या मनाला पटंना. बंद कोनीच करीत न्हाई? त्या गावात कोनाची आई न्हाई व्हय?"

आपल्या घरात पाणी कसं चालायचं ते मी कोणाला सांगत नाही, लोकांना कंजूषपणा वाटेल. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला, भाजी धुतलेलं भांड्यांना. हात धुवायचे ते स्वयंपाकाच्या दाराशी असलेल्या गवती चहाच्या ठोंबावरच. पाहुणा आला तरी त्याला तिथेच नेऊन हातावर पाणी घालायचीस. एकदा मी वहीत डोकं घालून बसलो असताना माझा पाय लागून तांब्या लवंडला. तू चुलीपासून उठून आलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. मग जमिनीवरचं पाणी फडक्याने टिपून घेतलंस आणि ते फडकं ठोंबावर पिळलंस. मी रडत होतो. तू माझी वही उचलून चुलीच्या उजेडात धरलीस. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू माझ्या वहीत डाग शोधायचीस. डाग नसला की अभ्यास चांगला, हे तुझं गणित. त्या दिवशी पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग पडला होता. "हे पान परत लिव," म्हणालीस. मी लिहिलं. अजूनही माझ्याकडून डाग पडला की मी पान परत लिहितो. हेसुद्धा दुसऱ्यांदा लिहितो आहे.

आणि ज्या बाईने आयुष्यात कधी वाटीभर पाणी सांडलं नाही, तिच्यावर पाणीच उलटलं. मी सातवीत होतो त्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने गाळ खरवडून पाणी भरायचे सगळे. तू दोन दिवस उलट्या-जुलाबांनी लोळत होतीस. तुला दवाखान्यात न्यायला बाबा बैलगाडी बघायला गेले. आळीतल्या बायका आल्या, त्या चांगल्याच मनाने आल्या होत्या. थोरल्या काकू म्हणाल्या, "पानी देऊ नगा गं तिला. प्यालं की उलटतंय. नुसते व्हट वले करा." तू डोळ्यांनी घागरीकडे बघत होतीस. मी चमच्याने तुझे ओठ ओले करत होतो. सांगितलं होतं तेवढंच, काळजीपूर्वक. मी तेव्हापासूनच काळजीपूर्वक आहे. गाडी ओढ्यापर्यंत गेली, पुढे गेलीच नाही.

पुढे जहाजावर औषधपाणी बघणाऱ्या साहेबांना मी एकदा सहज विचारावं तसं विचारलं, की अशा आजारात माणसाला काय द्यावं. ते म्हणाले, पाणी. उकळून गार केलेलं, मिठा-साखरेचं, मागेल तेवढं, न मागितलं तरी. मी पुन्हा विचारलं. ते जरा चिडूनच म्हणाले, "अरे, पाणीच तर द्यायचं असतं." मग मी इंजिनखोलीत गेलो आणि माझं काम केलं. इंजिनखोलीत इतका आवाज असतो की कोणी कोणाला काही विचारत नाही.

जहाजाचं तुला माहीत नाही. तू गेल्यावर सातवीतच माझी शाळा सुटली, कारण धाकटी चार वर्षांची होती आणि पाणी भरायला, भाकरी थापायला कोणी नव्हतं. ती मोठी झाल्यावर मामांनी मला मुंबईला नेऊन गोदीत चिकटवलं आणि तिथून मी जहाजावर तेलवाला झालो. यंत्रांना तेल द्यायचं, पुसायचं, आवाज बदलला की सांगायचं. मला ते जमतं. यंदा उन्हाळ्यात जहाज दुरुस्तीसाठी रोमजवळच्या एका बंदराला लागलं आणि मी दोन दिवसांची सुटी मागितली. सोबतीचा रत्नागिरीकडचा खलाशी म्हणाला, "रोमला जाऊन करणार काय तू? दारू पीत नाहीस, बायांकडे बघत नाहीस. बरं जा, पोपसाहेब भेटले तर आमचा ओव्हरटाइम तेवढा बघा म्हणावं." सगळे हसले. मी कोणाला सांगितलं नाही की मी पाणी बघायला चाललोय.

मी किती घाबरलो होतो म्हणून सांगू. जहाज मला सोडून गेलं तर, कागद हरवला तर, चुकीच्या गाडीत बसलो तर. परतीच्या गाडीची वेळ तळहातावर लिहून घेतली होती आणि घामाने ती पुसली की पुन्हा लिहीत होतो. खिशात होतं ते जपून वापरायचं होतं, म्हणून ट्राममध्ये बसलोच नाही, सगळं पायी पाहिलं. जेवण जहाजावरचंच, पाव, उकडलेली अंडी, कांदा आणि कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. मोठ्या मंदिराच्या पायऱ्यांवर बसून मी ती चटणी खाल्ली. तिखटाचा वास आला असावा, एक गोरा माणूस शिंकला आणि बाजूला सरकून बसला.

मंदिर मोठं आहे, आई. इतकं मोठं की आत गेल्यावर मला प्रार्थनाच आठवेना, मी नुसता कोणी हाकलतंय का ते बघत होतो. एक जुनं गोल मैदान पाहिलं, दगडी, मोडलेलं, आत मांजरं फिरत होती. एक नदी आहे, दोन्ही तीरांवर झाडं. एका मोठ्या कारंज्यात लोक पाठमोरे उभे राहून नाणी टाकत होते. मला वाटलं, श्रीरामपूरहून मनमाडला जाताना गोदावरीच्या पुलावर आगगाडीतून आपली माणसं टाकतात, तसंच हे. फक्त इथे खाली बुडी मारून नाणी काढायला कोणी नव्हतं. शहराबाहेर उंच कमानींची मोडकी रांग दिसली. एकाने खाणाखुणांनी सांगितलं, की जुन्या लोकांनी या कमानींवरून डोंगरातलं पाणी आणलं होतं. आपल्याकडे पाट शेतातून जातो, यांचा डोक्यावरून गेलेला. तुझ्याच डोक्यावरून गेल्यासारखा मला दिसला.

आणि खांब. तो मला पहिल्याच दिवशी एका बोळाच्या तोंडाशी दिसला. माझ्या छातीएवढा, लोखंडी, काळसर, त्याला एक वाकडी नळी. पाणी पडत होतं आणि खाली जाळीतून निघून जात होतं. आसपास कोणी नव्हतं. कोणी पीत नव्हतं, कोणी भरत नव्हतं. मी उभा राहिलो. एक मोटार गेली, दोन पोरी बोलत गेल्या, कोणी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आलो होतो ते खरं की खोटं एवढंच पाहायला. ते पाहून झालं होतं. पण मला तिथून हलता येईना. पाय लागून तांब्या लवंडला आहे आणि तू चुलीपासून उठून येते आहेस, असं काहीतरी पाठीला वाटू लागलं. मी खांबाभोवती फिरून पाणी बंद करायची चावी शोधली. चावी नव्हती. वाटलं, कोणीतरी काढून नेली असेल, आपल्याकडे नेतात तशी. शेवटी मी इकडेतिकडे बघितलं आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला.

आई, त्या नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालून अडवलं की पाणी तिथून वर उडतं. ते माझ्या नाकातोंडात गेलं, सदऱ्यावर गेलं, तळहातावर लिहिलेली वेळ तेवढी राहिली.

मागून कोणीतरी हसलं. एक म्हातारी होती, काळ्या कपड्यांतली, हातात भाजीची पिशवी. ती इतकी हसली की तिला पिशवी खाली ठेवावी लागली. मग ती पुढे आली, मला कोपराने बाजूला केलं, नळीवर बोट दाबलं आणि वर उडालेल्या धारेला तोंड लावून पाणी प्यायली. पिऊन झाल्यावर बोट काढलं आणि मला खूण केली, आता तू. म्हणजे ते भोक पिण्यासाठीच होतं. मी प्यालो. ती पुन्हा हसली आणि माझ्या ओल्या गालावर थापटी मारून काहीतरी म्हणाली, अगदी थोरल्या काकूंच्या सुरात. मी तिला आपल्या भाषेत विचारलं, "बंद कोण करतं, आजी?" तिने खांदे उडवले.

रात्र स्टेशनवर काढली. सकाळी पुन्हा त्या बोळाशी गेलो, निघण्यापूर्वी एकदा बघावं म्हणून. म्हातारी समोरच्याच दारात शेंगा सोलत बसली होती. मी डोक्यावर घागर असल्याची खूण केली, मग डोक्यावर पदर घेतल्याची, म्हणजे तुझी, मग जमिनीकडे बोट दाखवलं. कसं सांगितलं मला कळत नाही, पण तिला समजलं. तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला, मीही काढला. आत जाऊन तिने गवताने विणलेलं वेष्टण असलेली दारूची मोठी रिकामी बाटली आणली, स्वतः विसळली आणि नळीखाली धरली. बूच तिनेच ठोकलं. मी वर मेणबत्तीचं मेण ओतून ते बंद केलं. ते पाणी मी सगळा प्रवासभर माझ्या ट्रंकेत कपड्यांमध्ये उभं करून आणलं. समुद्र उसळला की उठून बघायचो.

ते तुझ्या कबरीवर घालायचं होतं. तुला आठवत असेल, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आपण आजीच्या कबरीला चुना द्यायचो, मेणबत्ती लावायचो आणि शेवटी तांब्याभर पाणी घालायचो, मातीला गारवा म्हणून. तेवढं एकच पाणी तू मोजलं नाहीस कधी. यंदा मी घरी आलो तेव्हा गावात पाऊस झालेलाच नव्हता. विहिरीत दगड दिसतात. आदल्या रविवारी नव्या फादरांनी मिस्सेत सांगितलं, की यंदा कबरींवर कोणीही पाणी घालू नये, जिवंतांना पुरत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मनात म्हटलं, माझ्या आईला मिळणार आहे. तिच्यासाठी मी रोमहून आणलंय, त्यात गावाचा थेंबसुद्धा नाही. मला त्याचा फार आनंद होता. सगळ्या कोरड्या कबरींमध्ये एक तुझीच ओली, हे मी डोळ्यांपुढे आणत होतो.

चुना आणि मेणबत्त्या आणायला मी श्रीरामपूरला गेलो होतो. एस.टी. उशिरा आली. घरी पोचलो तर बाहेर अनोळखी चपला. आत धाकटीला बघायला मुलाकडची माणसं आली होती, निरोप न देता, मुलाची आत्या आणि तिचे यजमान. बाबा कामावर. धाकटी एकटी. त्या दिवशी टँकर आला नव्हता हे मला फाट्यावरच कळलं होतं, मग पाहुण्यांपुढे हिने ठेवलं काय? दारात आलेल्याला पाणीही न विचारणारं घर म्हणून आता चार गावांत नाव होणार. पण आत्याबाईंच्या हातात कप होता. धाकटीने मलाही कप दिला. मी घोट घेतला. आपल्या ठोंबाचा गवती चहा घातलेला, वास घरभर.

आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, चहाला लई गोडी हाय. पानी कुठलं गं?"

"हितलंच," धाकटी म्हणाली.

"या दुष्काळात येवढं गोडं? आमच्याकडं तर चहा फाटतोय पान्यानं."

तेव्हा मला चुलीजवळ ते गवताचं वेष्टण दिसलं. बाटली आडवी पडली होती.

मी कप हातात धरून आत गेलो. धाकटी हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, रागावू नगं. कोनाच्याच घरात थेंब न्हवता, समद्या आळीत फिरून आले. मग तुजी ट्रंक उघडली. पयलं वास घेतला. म्हनलं दारू असंल. न्हवती. मला लई बरं वाटलं, तू पीत न्हाईस म्हनून." मग थोडं थांबून, "इतकं मेन लावून कशाला ठेवलं होतंस रे? औशध होतं का?"

"नाही," मी म्हणालो, "पाणीच होतं."

बाहेर येऊन बसलो. माझ्या मनात राग नव्हता असं नाही. इतके दिवस जपलेलं, आणि दोन परक्या माणसांच्या कपांत. आणि लगेच दुसरी भीती, की इतक्या दिवसांचं पाणी, कोणाला काही झालं तर? पुढचे दोन दिवस मी आत्याबाईंच्या गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची प्रकृती विचारत होतो. त्या ठणठणीत होत्या. पाहुणे निघताना धाकटीने बाटलीच्या तळाशी राहिलेल्या पाण्याने कप विसळले आणि ते पाणी, वाटीभरही नसेल, दाराशी जाऊन ठोंबावर ओतलं. तिने तुला तसं करताना पाहिलेलं तिला आठवत नाही, ती माझ्याकडे बघून शिकली. आत्याबाई चपला घालता घालता थांबून ते बघत राहिल्या. यजमानांना म्हणाल्या, "पोरीला वळन हाय." अजून त्यांचा निरोप आलेला नाही, पण येईल असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला आणि मी तुझ्या कबरीला चुना दिला. चुना कालवायला पाणी लागतंच, तेवढं बाबांनी पिण्यातलं काढून दिलं. मेणबत्ती लावली. मग सगळे आपापल्या माणसांपाशी हात जोडून उभे होते आणि पाणी कोणीच घालत नव्हतं, तसा मीही उभा राहिलो. धाकटी शेजारी होती. तिला मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. तिला वाटेल आपण आईच्या तोंडचं घेतलं. तुझ्या तोंडचं पाणी एकदा काढून झालेलं आहे, आई, ते तिच्या माथी नको.

हे पत्र मी ट्रंकेत ठेवीन, बाटली होती त्या जागी. तसंही तुला वाचता येत नाही. तू नुसतं उजेडाला धरून डाग बघशील. डाग नाही, मी पाहिलं आहे.

एक तेवढं राहिलं. चुलीजवळची बाटली दिसल्यावर, ते कुठलं पाणी हे कळल्यावर, मी कप खाली ठेवायला हवा होता. ठेवला नाही. सगळा प्यालो. आणि पाहुणे उठल्यावर धाकटीला विचारलं, पातेल्यात अजून थोडा आहे का. होता. तोही मीच घेतला.